कपाटातलं मीठ

रावपुऱ्यातल्या आमच्या खोलीत दोन वह्या आहेत.
एक खोकल्याची. दुसरीचं नाव आम्ही घेत नाही,
'पिवळी' म्हणतो, पुठ्ठा राखाडी झाला तरी.

दोन्हींत नावं गुजरातीत, डोक्यावर रेघ नसलेली,
घाईत पदर-टोपी विसरून
माणसं खिडकीशी उभी राहावीत तशी.
नवापुरा, वाडी, फतेहपुरा, मकरपुऱ्याच्या चाळी.
दोन्ही वह्यांत मिळून तेच ते किती, हे वरून विचारलं गेलं.
प्रश्न बरोबर होता. मागच्या वर्षी तिघं
या खिडकीकडून त्या खिडकीकडे जाता जाता गेली.

मग जिगीषाबेननी यंत्राला शिकवलं:
नाव घे, जन्मसाल घे, आईचं नाव घे,
त्यात मीठ घाल,
आणि असं दळ की पीठ पाहून दाणा ओळखू नये.
मीठ म्हणजे एक लांबलचक शब्द, अर्थ नसलेला.
तो त्यांच्या लोखंडी कपाटात. किल्ली त्यांच्याकडे.
मला फक्त पीठ दिसतं,
चौसष्ट अक्षरांचं एकेक माणूस.
जुळलं की हिरवा ठिपका.

घरी जाताना पुलावरून विश्वामित्रीत मगर दिसते,
म्हणजे दिसत नाही, पाणी एका जागी जाड वाटतं.
तितपतच मला ही माणसं माहीत.

पण एक वेलांटी इकडची तिकडे झाली
की सगळं पीठच निराळं.
एका वहीत शालन, दुसरीत शालिनी.
एकीत सासरचं आडनाव,
दुसरीत सासर सुटल्यानंतरचं.
अशा उरलेल्या अकरांसाठी कपाट उघडतं,
दोघांच्या सह्या, दार लोटलेलं, मोबाईल बाहेर.

नवव्या नावापुढे फोनचे शेवटचे चार आकडे होते.
ते माझ्या अंगठ्याला पाठ होते.
रोज साडेअकराला मी तोच नंबर लावतो:
"ताई, डबा निघाला का?"

मी सही केली. जिगीषाबेननी सही केली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

त्या दुपारी डबा उघडताना हात थांबला.
एका ताटात जेवल्यानं काही होत नाही,
हे वाक्य एकोणीस वर्षं मीच पोस्टरवर लिहीत आलोय.
तरी थांबला.
इथं नोंदवतो, कारण कुठल्याच वहीत
याला रकाना नाही.

मग जेवलो.

महिन्यातून दोन गुरुवार डबा उशिरा यायचा.
एकदा चिडून म्हणालो होतो,
"गुरुवारीच कसं बरं अडतं तुमचं?"
ती "हो ना" म्हणाली होती.

आता दोन्ही गोळ्या एकाच खिडकीवर, एकाच तारखेला.
परवा फोनवर म्हणाली,
"भाऊ, यापुढे उशीर नाही व्हायचा."
का, ते सांगितलं नाही.
मी "बरं" म्हटलं, आणि फोन
जरा जास्तच वेळ कानाशी धरून ठेवला.

(शालन हे तिचं नाव नाही. शालिनीही नाही.
वार गुरुवार नव्हता, उरलेले अकरा नव्हते.
इथंही मी मीठ घातलंय.)

आमची आत्या म्हणायची, खाल्ल्या मिठाला जागावं.
तिच्या डोळ्यांपुढे सरकारवाडा असायचा,
तिथल्या कोठीत तिच्या सासऱ्यांची नोकरी.
मी दफ्तराचं मीठ खातो, असंच समजत होतो.

आज आमटी अळणी होती,
बडोद्याच्या गुळाकडे झुकलेली.
शेजारच्या टेबलावर मिठाची पुडी होती.
मागितली नाही.